रिचर्ड पिअर्स: वायतोहीचा विमानवेडा शेतकरी

दक्षिणवारा

२९ जुलै १९५३ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात, सनीसाइड नावाच्या मनोरुग्णालयात, पंचाहत्तर वर्षांचा एक माणूस वारला. लग्न केलेलं नव्हतं, शेजाऱ्यांशी फारसं बोलणं नव्हतं. मागे राहिलेल्या सामानाची विल्हेवाट लावायची वेळ आली तेव्हा गॅरेजमध्ये एक विमान निघालं, पंख घडी घालता येणारं, पुढचा प्रोपेलर इंजिनासकट वरच्या दिशेला वळवता येणारं, म्हणजे सरळ उभं वर उडायचं आणि मग आडवं जायचं अशी कल्पना. हा माणूस कोण हे तेव्हा शहरात कोणाला माहीत नव्हतं.

रिचर्ड विल्यम पिअर्स त्याचं नाव. मी न्यूझीलंडच्याच टिमारू शहरात राहतो, इथल्या विमानतळाला त्याचंच नाव दिलंय, पण आपल्याकडे मराठीत त्याच्यावर कोणी नीट लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही म्हणून हा धागा.

जन्म ३ डिसेंबर १८७७, वायतोही, टेमुका गावाजवळ. आमच्या इथून गाडीने अर्धा तास. सपाट मैदानं, मेंढ्या, गहू, मागे दूरवर बर्फाचे डोंगर. बाप इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेला, आई आयर्लंडची, नऊ भावंडं आणि हा चौथा. घरात गाणंबजावणं भरपूर, भावंडांचा मिळून घरचा वाद्यवृंद होता त्यात हा चेलो वाजवायचा. शिकायची इच्छा होती इंजिनिअरिंग, पण मोठ्या भावाला डॉक्टरकीसाठी एडिंबरोला पाठवल्यावर घरात पैसे उरले नाहीत, तेव्हा ह्याच्या वाटणीला आली शंभर एकर जमीन. आता शंभर एकर म्हटल्यावर आपल्याला केवढी मोठी वाटते, पण ह्याचं शेतीत लक्षच नव्हतं. घराशेजारच्या शेडमध्ये भट्टी आणि लेथ (धातू कातायचं यंत्र) बसवला आणि दिवसरात्र तिथेच. शेजारी त्याला मॅड पिअर्स म्हणायचे, कोणी बांबू डिक म्हणायचे, कारण ह्याचं सगळं बांबूत. १९०२ मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं ते एका सायकलचं, तिची फ्रेम बांबूची आणि पायडल गोल फिरवायचे नाहीत तर वरखाली दाबायचे. चालता चालता टायरमध्ये हवा भरायचा पंप त्यातच बसवलेला!

मग विमान. बांबू, लोखंडी नळ्या, तारा आणि कॅनव्हास. पंख एकच, डोक्यावर. खाली तीन चाकं आणि पुढचं चाक वळवता येणारं. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाकंच नव्हती, ते लाकडी रुळावरून सोडायचे, हे लक्षात घ्या. इंजिन स्वतः बनवलेलं. सगळं एकट्याने, कधीमधी एखाद्या भावाची मदत. विमानाबद्दल कळायचं ते पोस्टाने येणाऱ्या अमेरिकन मासिकातून.

इथे सांगतात ती गोष्ट अशी. ३१ मार्च १९०३, वायतोहीचा मुख्य रस्ता, ह्याच्या शेताच्या कडेचा. गावातली माणसं, शाळेतली पोरं जमलेली. इंजिन बऱ्याच खटपटीनंतर सुरू झालं, विमान रस्त्यावरून धावलं, उचललं गेलं, थोडं अंतर हेलकावे खात गेलं आणि डावीकडे वळून काटेरी गॉर्सच्या उंच कुंपणावर जाऊन अडकलं. गॉर्स म्हणजे आपल्या घाणेरीसारखं माजणारं, पण बाभळीसारखे काटे असलेलं पिवळ्या फुलांचं झुडूप. इथले शेतकरी त्याची कुंपणं करायचे आणि ती माणसाच्या दुप्पट उंच व्हायची. ह्या माणसाला विमानासकट त्यावरून खाली उतरवावं लागलं.

म्हणजे राईट बंधूंच्या आधी जवळपास नऊ महिने. त्यांचं उड्डाण १७ डिसेंबर १९०३.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे. हा 'पहिला' असल्याचा दावा पिअर्सने स्वतः कधीही केला नाही. उलट दोनदा वर्तमानपत्राला पत्र लिहून त्याने तो नाकारला. १९१५ साली डनीडिनच्या पेपरात त्याने लिहिलं की आपण कामाला लागलो साधारण मार्च १९०४ ला, आणि विमानाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा अग्रमान राईट बंधूंनाच मिळेल, कारण इंजिनाच्या विमानाने यशस्वी उड्डाण त्यांनी आधी केलं. १९२८ ला क्राइस्टचर्चच्या पेपरात पुन्हा लिहिलं, तिथे तर अजून स्पष्ट, की माझं पहिलं विमान ताशी वीस मैलाला जमिनीवरून उचललं जायचं पण इतक्या कमी वेगात सुकाणू काम करत नसे, जमीन सुटली की ते आडवं फिरायचं, म्हणून त्या विमानात मी उडलो असं म्हणता येणार नाही. 

हे मी वाचलं तेव्हापासून ह्या माणसाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो पहिला की दुसरा ह्याच्याशी संबंधित नाही. आठवण ठेवायची तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर ठेवावी असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं लिहा.

भटकंती_सदाशिव

वा! धाग्याबद्दल धन्यवाद, ह्या माणसाचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. पण मला एक कळत नाही, गावातल्या इतक्या लोकांनी डोळ्यांनी बघितलंय ना? विमान उचललं गेलं, कुंपणावर बसलं, मग उडालं नाही कसं? तो बिचारा सरळमार्गी शेतकरी म्हणून मोठेपणा घेत नसेल, म्हणून आपणही देऊ नये का? अमेरिकेतला असता तर पाठ्यपुस्तकात धडा असता त्याच्यावर.

पंखवाला

मी रेडिओ कंट्रोलची मॉडेल्स बनवतो, त्या अनुभवातून सांगतो. उचललं जाणं आणि उडणं ह्यात फरक आहे आणि तो पिअर्सला बरोबर कळलेला होता हे त्याच्या त्या १९२८ च्या पत्रातून दिसतंय.

पंख मोठा केला की कमी वेगात उचल मिळते. त्याने स्वतः त्या पत्रात पंखाचं क्षेत्रफळ ७०० चौरस फूट दिलंय, हे प्रचंड आहे. राईटांच्या दोन पंखांचं मिळून ५१० होतं. आता शेपटीचं सुकाणू किंवा पंखाच्या टोकाची फळी चालते कशाने, तर त्यावरून जाणाऱ्या हवेने. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग अर्धा केला की जोर चौथाई. वीस मैल वेगात एवढा मोठा पंख हवेत, आणि सुकाणूला दम नाही. त्यात प्रोपेलरचा पीळ एका बाजूला ओढणार. मग ते भोवरणारच. आमच्याकडे नवीन पोरं पहिलं मॉडेल बनवतात तेव्हा हेच होतं, हातातून सुटलं की डावीकडे झोपतं आणि झाडात. तेव्हा 'डावीकडे वळून कुंपणावर' हे वर्णन मला शंभर टक्के खरं वाटतं, कोणी रचलेलं वाटत नाही.

राईट बंधूंची खरी कमाई इंजिन नव्हतीच. त्यांनी आधी ग्लायडरवर तीन वर्षं काढली, १९०१ ला घरच्या घरी हवेचा बोगदा बनवून पंखांचे आकार तपासले, आणि विमान तिन्ही दिशांनी हातात ठेवायचं कसं हे आधी शिकले. मग इंजिन लावलं. पिअर्सने उलटं केलं, आधी इंजिन. मोकळ्या सपाट रानात, एकट्याने, ग्लायडर ओढायला दोन माणसं लागतात ती पण नसताना, दुसरं काय करणार होता?

ओतकाम

पंखवाला साहेब मस्त समजावलंत. मी इंजिनाबद्दल लिहितो, आमचं कोल्हापूरला फाउंड्रीचं काम आहे, त्यामुळे धागा वाचता वाचता मी तिथेच अडकलो.

ह्या इंजिनाची चित्रं शोधून बघितली. दोन सिलिंडर समोरासमोर आडवे, पण प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टनच्या दोन्ही अंगांना स्फोट होतो. वाफेच्या इंजिनात हे नेहमीचं होतं, पेट्रोलच्या इंजिनात फार कमी जणांनी केलंय, कारण पिस्टनचा दांडा ज्या भोकातून बाहेर येतो तिथे जळता वायू रोखायचा, ते पॅकिंग टिकवायचं म्हणजे डोकेदुखी. पण फायदा काय, तर दोन सिलिंडरमध्ये चार सिलिंडरचं काम आणि वजन कमी. वजनाला त्याने किती महत्त्व दिलं होतं बघा.

आणि सिलिंडर कशाचे, तर ओतीव लोखंडी पाइपचे! शेतातल्या पाण्याचा पाइप कापून! हे वाचून आमच्या शॉपवर सगळ्यांना सांगितलं. त्या पाइपची भिंत आतून सगळीकडे सारखी नसते, एका बाजूला जाड एका बाजूला पातळ, ओतताना आतला कोअर (पोकळी राखणारा गाभा) जरा सरकलेला असतो. तो आतून बोअर करून गोल करायचा, तोही पायाने चालवायच्या लेथवर असेल तर, वीज तर तिथे नव्हतीच. बोअर अर्ध्या दोऱ्याने जरी वाकडा गेला तरी पिस्टन अडकणार नाहीतर आतल्या वायूचा दाब (कॉम्प्रेशन) जाणार. माझ्याकडे आज संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे, तरी असल्या पाइपचं काम कोणी आणलं तर मी दहादा विचार करेन. 

राईटांचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने बनवलं, साधारण सहा आठवड्यांत, ॲल्युमिनियमचं ब्लॉक बाहेरून ओतून घेऊन. म्हणजे त्यांच्याकडे फाउंड्री होती, पगारी माणूस होता, डेटनसारखं कारखान्यांचं शहर होतं. पिअर्सकडे काय होतं?

दक्षिणवारा

@ओतकाम, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं, हेच मला लिहिता आलं नसतं. त्याच्याकडे एक माणूस होता म्हणतात, टिमारूचा सेसिल वुड. हा इथला मोटारगाड्यांचा आद्य कारागीर, स्वतः गाड्या बनवायचा. त्याने पिअर्सला इंजिनाच्या बाबतीत थोडीफार माहिती दिली असं इथे सांगतात. बाकी स्पार्क प्लगपासून सगळं घरीच.

इथल्या म्युझियममध्ये त्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती छताला टांगलेली आहे. खाली उभं राहून वर बघितलं की पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती तारा. बांबूच्या प्रत्येक सांध्यापासून तार निघते आणि खाली चाकांच्या चौकटीला येऊन बांधली जाते, एकही मोकळी नाही. आणि बसायची जागा पंखाच्या खाली, इंजिनाच्या अगदी मागे, म्हणजे तेल आणि धूर सरळ तोंडावर.

स्पष्टवक्ता

लेख छान. पण दक्षिणवारा, तुमच्या एका मुद्द्याशी असहमत. त्याने १९०४ लिहिलं म्हणून १९०४ धरायचं, हे कशावरून? तो पत्र लिहितोय १९१५ ला, अकरा वर्षांनी. माणसाला साल आठवण्यात गफलत होते. गावातल्या साक्षीदारांनी १९०३ सांगितलंय ते कशाच्या आधारावर सांगितलं तेही लिहा की.

दक्षिणवारा

@स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे. साक्षीदारांनी तारीख सांगितली नव्हती, सोबतच्या घटना सांगितल्या. १९०३ च्या जुलैमध्ये ह्या भागात भयंकर बर्फ पडला होता, मेंढ्या मेल्या, जुनी माणसं अजून त्या वर्षाचं नाव काढायची. काहींना आठवत होतं की विमान कुंपणावर अडकलेलं बघितलं ते त्या बर्फाच्या सुमारास. कोणाला आपण शाळेत अमुक इयत्तेत होतो ते आठवत होतं, कोणाचं कुटुंब अमुक साली गाव सोडून गेलं होतं. असं जुळवत जुळवत १९०३ आलं. पण ह्या मुलाखती घेतल्या गेल्या पन्नास वर्षांनी, त्याहूनही उशिरा, सांगणारे तोवर सत्तरीत. प्रामाणिक माणसं होती ह्यात मला शंका नाही. शिवाय त्याने बरीच वर्षं प्रयत्न केले, विमान अनेकदा बाहेर काढलं, त्यामुळे ह्या वर्षीचं त्या वर्षी मिसळलं जाणं सहज शक्य आहे.

आणि पिअर्सच्या बाजूने नुसतं १९१५ चं पत्र नाही. १९०९ च्या नोव्हेंबरात टिमारूच्या पेपरने त्याच्यावर बातमी केली होती, तेव्हा तो विमानाच्या चाचण्या करतच होता. तिथे त्याने सांगितलंय की अमेरिकेतल्या १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनाने विमानासाठी बक्षीस जाहीर केलं त्यामुळे मी प्रत्यक्ष कामाला लागलो. म्हणजे पाचच वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आठवायला बाहेरची खूण आहे. त्यात राईट बंधूंचं नाव तेव्हा जगभर झालेलं, आपण आधी केलं म्हणायला ह्याहून चांगली वेळ नव्हती. त्याने तसं म्हटलं नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

गिरगावकर

आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांची आठवण झाली नसती तरच नवल. १८९५, गिरगाव चौपाटी, त्यांनी उडवलं म्हणतात ते 'मरुत्सखा' विमान. राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी. न्यूझीलंडवाल्यांनी निदान विमानतळाला नाव तरी दिलं, आपण काय केलं?

दक्षिणवारा

@गिरगावकर, तळपद्यांचा विषय येणार हे माहीत होतं आणि यावाच, कारण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

पिअर्सच्या बाबतीत आपल्याकडे काय आहे? १९०६ ला अर्ज केलेलं आणि १९०७ ला मिळालेलं विमानाचं पेटंट, नंबर २१४७६, त्यातली आकृती. पंखाच्या टोकाला हलणाऱ्या फळ्या त्यात लिहिलेल्या आहेत. इंजिनाचे प्रत्यक्ष तुकडे. त्याची स्वतःची पत्रं. एवढं असूनही इथले गंभीर अभ्यासक त्याला पहिला म्हणत नाहीत, उडी मारली म्हणतात, ताब्यातलं उड्डाण म्हणत नाहीत.

तळपद्यांच्या १८९५ च्या उड्डाणाबद्दल असं हातात धरून दाखवण्यासारखं काही नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार सांगितला जातो तो ग्रंथ सुब्बराय शास्त्रींनी तोंडी सांगितला आणि लिहून घेतला गेला तो विसाव्या शतकात, १९१८ च्या पुढे. आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी १९७४ साली त्यातली विमानं तपासून ती उडू शकणार नाहीत असं दाखवून दिलं. हे मला तळपद्यांना कमी लेखायला सांगायचं नाहीये. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत एक मराठी कलाशिक्षक विमानाच्या मागे लागतो, हे खरंच मोठं आहे. पण आपण त्यांच्यावर चमत्काराचं एवढं ओझं टाकलं की त्यांनी नेमकं काय केलं, कुठे अडले, कोणाला विचारलं हे शोधायचंच राहून गेलं. पिअर्सला 'पहिला' ठरवण्याच्या नादात त्याचंही तेच होतं, म्हणून माझी तगमग.

गिरगावकर

मान्य. ओझं टाकलं हे पटलं. तरी मनात ती चौपाटी राहतेच हो, लहानपणी आजोबा हात करून दाखवायचे की इथून उडालं.

बांधावरचा

उशिरा वाचलं. १९०३ वरून आठवलं, त्याच साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. आणि तेही आधी सायकलवालेच, बेळगावला १८८८ मध्ये सायकलचं दुकान. राईट बंधू सायकलवाले, पिअर्स सायकलवाला. त्या काळात हलकं, मजबूत आणि फिरतं काही शिकायचं तर सायकल हीच शाळा असणार, चेन, बेअरिंग, तारा, नळ्या सगळं त्यातच आलं.

किर्लोस्करांच्या मागे औंधचे राजे उभे राहिले, जागा दिली, १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. पिअर्सच्या मागे कोणी उभं राहिलं असतं तर? हा विचार सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. आमच्या भागात मी डोळ्यांनी बघितलेली माणसं आहेत, एक जण ऊस तोडणीचं यंत्र स्वतः बनवत होता, चांगलं चालायचं, पण वाकलेल्या उसाला अडायचं. त्याला पुढच्या टप्प्याला कोणी पैसे दिले नाहीत. यंत्र अजून गोठ्यामागे आहे.

नीलमोहर

मला शेवटच्या वर्षांबद्दल विचारायचंय. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. विक्षिप्त संशोधक, शेवटी वेड्यांच्या इस्पितळात, ह्या पद्धतीने अशा गोष्टी सांगितल्या जातात ते मला खुपतं. नेमकं काय झालं होतं?

दक्षिणवारा

@नीलमोहर ताई, जेवढं नीट माहीत आहे तेवढं सांगतो.

१९११ च्या सुमारास तो वायतोही सोडून खाली ओटागोत, मिल्टनजवळ गेला. तो भाग डोंगराळ, विमानाला जागा नाही, त्यामुळे विमानाचं काम थांबलं आणि शेतीची यंत्रं, एक मोटार लावलेली सायकल असं चाललं. पहिल्या महायुद्धात सक्तीची भरती झाली तेव्हा चाळिशीत फौजेत जावं लागलं, आजारी होऊन परत आला. १९२१ ला क्राइस्टचर्च. तिथे स्वतःच्या हाताने घरं बांधली, ती भाड्याने दिली आणि भाड्यावर राहून पुन्हा विमान. वूलस्टन भागातल्या त्या गॅरेजमध्ये वीसेक वर्षं तो ते दुसरं विमान बनवत होता. १९४३ ला पेटंटचा अर्ज केला, मिळालं १९४९ ला. तोवर जेट विमानं उडायला लागली होती, हेलिकॉप्टर विकायला आलं होतं, त्याच्या विमानात कोणाला रस उरला नव्हता. हळूहळू त्याला वाटायला लागलं की लोक आपली कल्पना चोरायला टपलेत, परदेशी हेर मागावर आहेत. १९५१ च्या जूनमध्ये सनीसाइडला दाखल केलं, तिथेच दोन वर्षांनी गेला.

नीलमोहर

धन्यवाद, इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल. मला इतकंच म्हणायचंय की आजार आला तो सत्तरीनंतर, आणि पोरं त्याला मॅड म्हणायची ती पंचविशीत. ह्या दोन गोष्टी एकमेकींना जोडू नयेत. पंचविशीतला माणूस लेथवर पाइप बोअर करत होता, पेटंटची कागदपत्रं नीट भरत होता, आणि पुढे पन्नाशीतही पेपरात मुद्देसूद पत्रं लिहीत होता. गावाला कळत नव्हतं तो काय करतोय, एवढंच होतं. आणि आयुष्यभर ज्याच्याशी ह्या विषयावर बरोबरीने बोलता येईल असा माणूस मिळाला नसेल तर त्या एकटेपणाचं शेवटी काय होतं हे आम्ही कामात रोज बघतो. इथे ओतकाम आणि पंखवाला ज्या तऱ्हेने त्याच्या कामावर बोलतायत, तसं बोलणारं एक जण जरी तेव्हा वायतोहीत असतं!

पंखवाला

ताई, अगदी. 

त्या दुसऱ्या विमानाबद्दल थोडं. इंजिन प्रोपेलरसकट वळवून सरळ वर उडायचं, ही कल्पना आज अमेरिकन फौजेच्या ऑस्प्रे विमानात आहे. ऑस्प्रे पहिल्यांदा उडालं १९८९ ला. त्याला दोन प्रोपेलर आहेत, एका टोकाला एक, एकाचा पीळ दुसरा मोडतो. पिअर्सचा मोठा प्रोपेलर एकच, म्हणून तो पीळ मोडायला शेपटीला छोटा पंखा, हेलिकॉप्टरसारखा. म्हणजे पहिल्या विमानाने भोवरून जो धडा दिला तो डोक्यात पक्का बसलेला. ते उडालं असतं का? मला नाही वाटत, वजनाच्या मानाने ताकद कमी पडली असती. पण गॅरेजमध्ये मावावं म्हणून पंख घडीचे, रस्त्यावरून चालवता यावं, प्रत्येक घरी मोटारीऐवजी विमान असावं, असा त्याचा विचार होता. श्रीमंतांसाठी नव्हतं ते.

मुंबईकर_कांदिवली

आमच्याकडचे कॅप्टन अमोल यादव इथे आलेच पाहिजेत. इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ ला बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं होतं तेव्हा मी रांगेत उभा राहून बघितलंय. नोंदणीसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, ती २०१७ च्या नोव्हेंबरात मिळाली. पिअर्सला परवानगीची कटकट नव्हती पण साथ नव्हती, इथे लोकांची साथ होती पण कागद अडले होते. गच्चीवरून ते विमान सुट्टं करून खाली उतरवलं, ते मुलांना दाखवत सांगायचो की बघा, हे आपल्या शेजारच्या माणसाने केलंय.

खानदेशी_वारा

आमच्या तालुक्याच्या गावी एक घड्याळ दुरुस्तीवाले काका होते. दुकान बस स्टँडसमोर, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. दुकानात मागच्या भिंतीवर बालसा लाकडाची विमानं टांगलेली, सगळी त्यांनी केलेली. ते लाकूड मुंबईहून मागवायचे आणि पंखावर पातळ कागद चिकटवून त्यावर डोप (कागद ताणून घट्ट करणारं रोगण) लावायचे, त्याचा वास अख्ख्या दुकानात. रबराच्या दोरीला पीळ देऊन ते विमान शाळेच्या मैदानावर सोडायचे तेव्हा आम्ही मागे धावायचो. कधी विमानात बसले नव्हते ते. आम्ही विचारलं तर सांगायचे की पंखाचा वरचा बाक किती ठेवायचा हे कळलं की झालं, आणि मग खडूने फळीवर काढून दाखवायचे. आमच्यातला एक मुलगा पुढे ओझरला विमान कारखान्यात लागला तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेला होता. आता दुकान नाही. त्यांच्यावर कुठे एक ओळ छापून आलेली नाही, त्या विमानांचं काय झालं तेही कोणी विचारलं नाही. हा धागा वाचून वाटतंय की गावी गेल्यावर त्यांच्या मुलाकडे चौकशी करावी, एखादं शिल्लक असेल तर.

ओतकाम

@खानदेशी_वारा, कराच. आणि मिळालं तर मोजमाप घेऊन, फोटो काढून इथे टाका. पिअर्सचं इंजिन कसं मिळालं हे दक्षिणवारा सांगतील का? तुकडे मिळाले असा उल्लेख आहे वर.

दक्षिणवारा

हो, ते राहिलं लिहायचं. जॉर्ज बोल्ट म्हणून न्यूझीलंडचा अगदी सुरुवातीचा नावाजलेला पायलट. पिअर्स गेल्यानंतर त्याच्या गॅरेजमधल्या विमानाची बातमी बोल्टपर्यंत पोचली. ते बघून त्याच्या लक्षात आलं की हा काही हौशी उद्योग नाही, ह्याच्या मागे जुनं काम असणार. तो कागद शोधत शोधत १९५८ ला वायतोहीला आला आणि पिअर्सच्या जुन्या शेताच्या उकिरड्यातून इंजिनाचे तुकडे खणून काढले. गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून आठवणी लिहून घेतल्या त्याही तेव्हापासूनच. बोल्ट दहा वर्षं उशिरा आला असता तर ना सांगणारे उरले असते, ना गॅरेजमधलं विमान.

@खानदेशी_वारा, म्हणून गावी जायचं पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

कृष्णाकाठ

अतिशय सुंदर धागा, प्रतिसाद पण एकाहून एक. आम्ही पुढच्या वर्षी मुलीकडे ऑकलंडला येतोय. हे सगळं बघायचं तर कुठे काय आहे, सांगाल का? माझ्या मिस्टरांना यंत्रांची फार आवड, ते तर आत्तापासून मागे लागलेत.

दक्षिणवारा

@कृष्णाकाठ काकू, जरूर या. ऑकलंडलाच मोटॅट म्हणून वाहतूक आणि तंत्रज्ञानाचं मोठं म्युझियम आहे. गॅरेजमधलं ते दुसरं विमान आणि उकिरड्यातून काढलेल्या वस्तू त्यांच्याकडेच आहेत, पण त्या दिवशी काय मांडलंय ते निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. काकांना त्या विमानाच्या इंजिनाजवळ निवांत उभं राहू द्या, घाई करू नका.

दक्षिण बेटावर येणार असाल तर क्राइस्टचर्चहून टिमारू गाडीने दोन तास, रस्ता सरळ. साउथ कँटरबरी म्युझियममध्ये पहिल्या विमानाची प्रतिकृती आहे. वायतोहीच्या रस्त्यावर, जिथे ते विमान कुंपणावर बसलं असं सांगतात तिथे खांबावर त्याचं छोटं रूप बसवलंय, शेजारी माहितीची पाटी. बाकी तिथे काही नाही, दुकान नाही, चहा नाही, त्यामुळे डबा टेमुकाहून बांधून घ्या. जून ते ऑगस्ट इथे कडक थंडी असते, नोव्हेंबर ते मार्च उत्तम. यायच्या आधी इथेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी सोबत येईन.